भरल्या ताटावरून

आवासा, इथियोपिया
८ डिसेंबर १९९६

सौ. उषास,

विमानात बसून समुद्र ओलांडलेल्या नणंदेचे तुला भरभरून आशीर्वाद.

सुखरूप पोचले. कान तेवढे दुखले. बद्रीनाथ घ्यायला आला होता. तो बराच सुटलाय, पोट दिसायला लागलंय. सून नंदा ठीक आहे, जानेवारीच्या मध्यावर दिवस भरतात. मी तिचं बाळंतपण करायला आले आणि तीच मला पाट सोडू देत नाही.

निघताना तू विचारलंस, ‘वन्सं, तिकडं खाल काय?’ मलाही तीच धास्ती होती. म्हणून ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, लोणचं आणि वाळवलेले धपाटे असा अर्धा संसार बांधून आणला. इथियोपिया म्हटलं की आपल्याला दुष्काळच आठवतो. इथं बाजारात गेले तर मसूर, हरभरा, लसूण, लाल मिरचीचे ढीग, आणि चक्क ज्वारी! जालन्याच्या मोंढ्यात उभी आहे असं वाटलं. बद्रीनाथ म्हणाला, ‘आई, पिशवी उगाच वाहिलीस.’ आता त्याला काय सांगू?

यांचं रोजचं खाणं म्हणजे इंजेरा. टेफ नावाचं राजगिऱ्याहून बारीक धान्य. त्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवतात आणि सुपाएवढ्या मातीच्या तव्यावर घालतात. धिरडंच गं ते. फक्त उलटत नाहीत, झाकण ठेवून एकाच अंगानं शिजवतात. पहिल्या घासाला मी असं तोंड केलं की बद्रीनाथ पोट धरून हसला. चौथ्या दिवशी मीच विचारलं, ‘आज धिरडं नाही का?’

त्याच्यावर वाढतात शिरो. हरभऱ्याचं पीठ, लसूण, आलं, लाल मसाला. आपलं पिठलंच, पण सैल आणि रटरटून शिजवलेलं. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा ताट बोटानं पुसून घेतलं. इतक्या लांब आपलं पिठलं कुणी आणून ठेवलं, हेच मनात येत होतं. बुधवार-शुक्रवार यांचा उपास, त्या दिवशी मांस-अंडं काही नाही. मला माळकरणीला तर हे दोन दिवस सणासारखे.

घरातली सगळी एकाच परातीभोवती बसून खातात. पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. उष्ट्या-खरकट्याचं आपल्याकडं किती असतं! पण शेजारच्या अलमाझबाईनं बोलावलं आणि मी बसले. माझ्याच वयाची बाई आहे. तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा येत नाही, आणि तरी दोघी एकसारख्या बडबडतो.

माझ्या त्या भावानं, साहेबरावानं विचारलं तर पोचली म्हणून सांग. नाही विचारलं तर सांगू नकोस.

तुझी,
गोजरताई


राजूर
२८ डिसेंबर १९९६

वन्सं,

सासरच्या उंबऱ्यावरून तुमच्या वहिनीचा नमस्कार. सोबत गणपतीचा अंगारा आहे. नंदाच्या कपाळाला लावा, थोडा तुमच्याही.

पत्र दुपारी आलं. मी ओसरीत बसून मोठ्यानं वाचलं. माझे डोळे अधू झालेत, मोठ्यानं वाचलं की अक्षर लागतं, असं मी सांगते. हे पलीकडं बसून सुपारी कातरत होते. धिरड्याचं आलं तेव्हा अडकित्ता थांबला. ‘पोचली म्हणून सांग’ हे वाचलं तेव्हा पुन्हा चालू झाला. विचारलं काहीच नाही. रात्री मात्र जेवताना म्हणाले, ‘एका अंगानं भाजलं तर कच्चं न्हाई राहत का?’ मी म्हटलं, काय? तर म्हणाले, ‘काय न्हाई, भाकर वाढ.’

वन्सं, एक बोलू? रागवा, पण वाचा. तुम्ही तिथं जात माहीत नाही, भाषा माहीत नाही, अशा बाईच्या परातीत हात घालून जेवता. मला त्याचं फार बरं वाटलं. आणि तितकंच वाईटही. माझ्या घरी येता तेव्हा स्वतःचा डबा सोडून बसता. पाणीसुद्धा तुमच्या तीर्थपुरीहून बाटलीत आणता. कौसल्येच्या लग्नात मांडवभर माणसं बुंदी खात होती, आणि नवरीची सख्खी आत्या कोपऱ्यात बसून आपली भाकरी चटणीला लावून खात होती. मी ताट वाढून झाकून ठेवलं होतं. दरवेळी ठेवते.

यांनी कौसल्या तुमच्या बद्रीनाथला दिली नाही, हे खरं. बहिणीचा हक्क असतो, हेही खरं. तुम्ही भर पंगतीत पदर पसरलात आणि यांनी भर पंगतीत नाही म्हटलं. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. ‘ह्या घरचं अन्नपाणी मला बंद’ म्हणालात. त्याला अकरा वर्षं झाली. बद्रीनाथचं नंदाशी छान जमलं, कौसल्या भोकरदनला नर्स झाली, दोघांची लग्नं होऊन ती कधीच विसरली. तुम्ही दोघंच तेवढी पंगतीत बसून आहात.

जाऊ द्या. पुरे करते. तुमची ती अलमाझबाई पिठल्यात कोथिंबीर घालते का, ते कळवा.

तुमची,
उषा


आवासा
२२ जानेवारी १९९७

उषा,

चौदा तारखेला नंदाला मुलगी झाली. दोघी ठणठणीत. नाक बद्रीनाथचं, रडणं माझं. अंगारा लावला.

तुझं पत्र त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. रागावले नाही, पण त्या विषयावर लिहिणारही नाही. भावानं चार माणसांत बहिणीचा पदर रिकामा परत केला. ज्याचं जळतं त्यालाच ते कळतं. कोथिंबीर घालत नाही.

आता इथलं ऐक. परवा अलमाझबाईनं मला कॉफीला बोलावलं. नंदा बाळंतीण, बद्रीनाथ त्याच्या शेतकी कॉलेजात शिकवायला गेलेला, म्हणून मी एकटीच गेले. जमिनीवर हिरवं ताजं गवत अंथरलेलं. ऊद जळत होता. मला वाटलं पूजाबिजा आहे. तिनं हिरव्या बिया धुतल्या, माझ्यासमोर कढईत भाजल्या, आणि धुरासकट ती कढई माझ्या नाकाखाली फिरवली. काय वास गं! मग खलात कुटल्या आणि काळ्या मातीच्या लांब मानेच्या चंबूत उकळल्या. हे सगळं व्हायला पाऊण तास. सोबत लाह्या, मक्याच्या, नागपंचमीला आपण ज्वारीच्या करतो तशा.

मग बिनकानाच्या इवल्याशा कपात काळीकुट्ट कॉफी, साखर भरपूर. मी आयुष्यात असलं काही प्यायले नव्हते. आपला चहा त्याच्यापुढं गरम पाणी. कप खाली ठेवला, मूठभर लाह्या खाल्ल्या, हात जोडले आणि उठले. चहा झाला की आपल्याकडं लगेच उठतात. बसून राहिलं तर घरची बाई चुलीकडं बघायला लागते, हिला आता जेवू घालावं लागतंय का म्हणून. अलमाझबाई काहीतरी म्हणाली, हात धरला. मला वाटलं आग्रह करतेय, वागायला किती चांगली बाई! मी आणखी दोनदा हात जोडले आणि आले घरी.

त्या दिवसापासून ती आली नाही. रोज कुंपणावरून हाक मारायची, ती बंद. आजारी असेल. उद्या बघते.

गोजरताई


राजूर
१२ फेब्रुवारी १९९७

वन्सं,

आजी झालात, तोंड गोड करा. मी इथं गल्लीभर पेढे वाटले. विचारलं कुणी वाटायला लावले तर नाव सांगणार नाही, पण पेढ्यांचे पैसे माझ्या पदरचे नव्हते.

आमच्याकडचीही बातमी आहे. तुमच्या भाच्याचं, रामकिसनचं जमलं. मुलगी मंठ्याची, डी.एड. झालेली, बोलायला मोकळी. लग्न अकरा मे, इथंच दारात मांडव. तुम्ही एप्रिलअखेर येणार होता ना? म्हणजे वेळेवर याल.

पत्रिका छापून आल्यात. तुमची पत्रिका… आता एवढ्या लांब टपालानं पाठवायची म्हणजे कधी पोचणार, कुठं हरवणार. बघू. तुम्ही आल्यावरच बोलू.

कॉफीचं वाचून मलाही वास आला. यांनी ‘पाऊण तास’ पुन्हा वाचायला लावलं. म्हणाले, ‘पाऊण तास बाई खपली अन् ही एका कपात उठली?’ मी म्हटलं, आपल्याकडची रीतच तशी आहे. अलमाझबाई आता बरी झाली का?

गहू काढायला आलाय, म्हणून थोडक्यात लिहिते.

तुमची,
उषा


आवासा
३ मार्च १९९७

उषा,

तू थोडक्यात लिहितेस तेव्हा काहीतरी गिळून लिहितेस, हे मी तुला नवी नवरी असल्यापासून ओळखते. पत्रिकेचं काय ते मला सरळ लिही. पहिली पत्रिका गणपतीला आणि दुसरी बहिणीला, ही आपल्या घरची पद्धत. मी जेवत नसले तरी माझी पत्रिका कधी चुकली नाही.

अलमाझबाई आजारी नव्हती.

सव्वा महिन्यानं बारसं केलं. मुलीचं नाव मंजिरी. पुरणाच्या पोळ्या केल्या, घुगऱ्या केल्या. कॉलेजातली माणसं आली, जेवली. अलमाझबाईही आली. पांढरी शाल घेऊन, बाळासाठी विणलेलं टोपडं घेऊन. टोपडं बाळाजवळ ठेवलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मी ताट वाढून पुढं केलं. तिनं छातीवर हात ठेवला, वाकली, आणि न खाता गेली. मी दारात ताट घेऊन उभी. आत माणसं हसत होती, जेवत होती, आणि मला कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं.

ताट झाकून ठेवलं. येता-जाता त्याच्याकडं लक्ष जायचं. संध्याकाळी पोळी कडक झाली.

नंदाला सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, ‘अहो आई, यांची कॉफी तीनदा असते. त्याच पुडीवर पुन्हा पाणी, पुन्हा उकळी. तिसरा कप आशीर्वादाचा, बरका म्हणतात. तो न घेता पाहुणा उठला की घरच्या बाईला वाटतं, हिला माझ्या घराचं बरं नको आहे.’ म्हणजे बघ, मी हात जोडून जोडून तिचा अपमान करून आले होते.

उषा, मी रडले. न्हाणीघरात जाऊन रडले. अलमाझबाईसाठी रडले असं नंदाला वाटलं. पण मला तुझं झाकलेलं ताट दिसत होतं. दारात आलेलं आपलं माणूस न जेवता गेलं की घराचं काय होतं, हे मला या वयात, हजारो मैलांवर, परक्या बाईनं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी न बोलावता तिच्याकडं गेले. भाकरीचं पीठ बरोबर नेलं. तिच्या स्वयंपाकघरात खाली बसले ती बसलेच. तिनं बघितलं, गवत अंथरलं नाही. पण बिया भाजायला घेतल्या. पहिला कप प्यायले. दुसरा प्यायले. मध्ये तिच्या तव्यावर भाकरी टाकली. तिनं थापायला घेतली तर तिची चौकोनी झाली, दोघी हसलो. तिसरा कप पातळ असतो, कॉफीची नुसती आठवण. तो प्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिनं माझे दोन्ही खांदे धरून खांद्याला खांदा लावला. मग बारशाची पोळी मागितली! मी धावत घरी येऊन ताजी करून नेली.

आता पत्रिकेचं लिही.

गोजरताई


राजूर
२० मार्च १९९७

वन्सं,

हे पत्र मी घरात कुणी नसताना लिहिते आहे. मोठ्यानं वाचलेलं नाही.

पत्रिका आल्या त्या दिवशी हळदकुंकू लावून पहिली गणपतीपुढं ठेवली. दुसरी मी तुमच्या नावानं लिहायला घेतली. यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. म्हणाले, ‘ताईला पत्रिका धाडू नको. ती डबा घेऊन येणार, सगळा मांडव बघणार, अन् म्या ताट घेऊन तिच्यापुढं उभा राहणार. किती वर्सं उभा राहू? आता माझ्यात न्हाई. तिनं येऊच न्हाई, म्हंजे बरं.’

मी भांडले. मी कधी भांडत नाही, पण त्या दिवशी भांडले. ऐकलं नाही. या वेळी तुम्ही मांडवात नसलात, वन्सं, तर माहेर संपलं. तुमचंही आणि त्यांचंही. मला तेच भ्या आहे. सासू-सासरे गेले, आता तुम्ही दोघांनी एकमेकांना सोडलं तर मी कुणाच्या दोन बाजू सांभाळायच्या?

आणखी एक. ते मला कधी लिहू देणार नाहीत, म्हणून लिहिते. तुम्ही ज्या ज्या दिवशी इथून न जेवता गेलात, त्या दिवशी हेही जेवले नाहीत. कौसल्येच्या लग्नात मुलीचा बाप उपाशी होता. लोकांना वाटलं मुलगी जाणार म्हणून घास उतरत नाही.

तुमचं मागचं पत्र मात्र मी मोठ्यानं वाचलं होतं. झाकलेल्या ताटापर्यंत आले, तेवढ्यात हे उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. बैलांना पाणी आधीच दाखवून झालं होतं.

काय करायचं ते तुम्ही ठरवा.

उषा


आवासा
६ एप्रिल १९९७

उषा,

हे पत्र मोठ्यानं वाच. ओसरीत बसून वाच.

साहेबराव, तू ऐकतोयस हे मला माहीत आहे. सुपारी खाली ठेव.

पोरगी तुझी होती. नाही म्हणायचा तुझा हक्क होता आणि नाही म्हणालास ते बरंच झालं, आमची नंदा लाखात एक आहे. पण चार माणसांत म्हणालास ते मला लागलं. अजून लागतं. ते मी विसरले असं खोटं लिहिणार नाही. तुलाही माझं लागलं असेल. राहू दे दोघांचं दोघांपाशी.

मी एकोणतीस तारखेला मुंबईला उतरते. तीर्थपुरीला एक दिवस घर उघडून, झाडून, तुझ्याकडं येते. पत्रिका नको. बोलावणंही नको. अलमाझबाईकडं मी न बोलावताच गेले होते आणि तिनं मला हाकललं नाही. तू हाकललंस तर दारात बसेन, पण जेवल्याशिवाय उठणार नाही.

उषा, काही खास करू नकोस. घरात असेल ते वाढ.

गोजरताई


राजूर
१९ मे १९९७

वन्सं,

काल तुम्हाला एसटीत बसवून आले आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. रामकिसन आणि सूनबाई देवदर्शनाला गेलीत. मांडवाचे वासे अजून दारात पडलेत. तोंडावर जे बोलता येत नाही ते लिहून टाकते.

तुम्ही आलात त्या दिवशी लग्नाचा येसर मसाला कुटायला गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. झुंबरबाई उखळापाशी होती. तुम्ही पिशवी ठेवलीत, पाय धुतले, माठातलं पाणी स्वतः बुडवून घेतलंत आणि गटागटा प्यायलात. झुंबरबाईचं मुसळ वरच राहिलं. मी पाट मांडला, भाकरी, मेथीची भाजी, येसराची आमटी, जे होतं ते वाढलं. आमटी ताटाबाहेर सांडली. तुम्हाला दिसली असेल.

हे रानातून आले. दारात उभे राहिले, आत येईनात. तुम्ही म्हणालात, ‘बस की. किती येळ उभा राह्यतो?’ तेव्हा बसले. तुम्ही आमटीत भाकरी कुस्करली, घास घेतला, चावला. सगळ्या बायका बघत होत्या. आणि तुम्ही काय म्हणालात? ‘उषा, आमटीत मीठ न्हाई.’

माझा जीवच गेला. अकरा वर्षांनी पहिला घास आणि त्यात मीठ नाही! हे ताडकन उठले आणि मागच्या अंगणात गेले. तुम्ही मला दोनदा विचारलंत, ‘साहेबराव चिडला का?’ मी म्हटलं, हात धुवायला गेलेत. ते खोटं होतं.

मी मागं गेले तर हे हौदापाशी उभे. तोंडावर पाणी मारत होते, पुसत होते, पुन्हा मारत होते. मला बघून हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. मी त्यांना आई गेल्या ती वेळ सोडून कधी रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, ‘ऐकलंस का? मीठ न्हाई म्हनली! परक्याच्या घरी माणूस गुमान खातं. ताई माझ्या घरी जेवून राह्यली, उषे.’ मग आत येऊन तुमच्याशेजारी बसले आणि चार भाकरी खाल्ल्या, त्या तुम्ही पाहिल्याच. लग्नात तुम्ही मसालेभातापासून जिलबीपर्यंत सगळ्याला नावं ठेवलीत आणि हे आचाऱ्याला हाका मारत ती सगळी नावं सांगत मांडवभर फिरत होते.

आता शेवटचं. तुम्ही जेवून उठल्यावर मी मीठ घालायला म्हणून आमटीच्या पातेल्याशी गेले. आधी बोटावर घेऊन चाखली.

मीठ बरोबर होतं, वन्सं.

मी यांना हे सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. तुम्हीही सांगू नका. आषाढात तळण करायला या, चार दिवस राहायच्या बोलीनं.

तुमची,
उषा